ई-जर्नलच्या नोंदी आणि तुटणाऱ्या लिंक : एका ग्रंथपालाच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

सर, तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. अनुदानित वरिष्ठ महाविद्यालय, ग्रंथालयात कोहा हे सॉफ्टवेअर, हाताखाली एकच सहायक. आधीच्या ग्रंथपालांनी चारेकशे ई-जर्नलच्या नोंदी कॅटलॉगमध्ये घालून ठेवल्या आहेत. आज त्यांतल्या बऱ्याच लिंक उघडत नाहीत, काही उघडतात पण लॉगिन मागतात, आणि एक-दोन भलत्याच साइटवर नेतात. तुम्ही विचारलंय की छापील आणि ऑनलाइन जर्नलची नोंद एकच करावी की दोन, लिंक तपासायच्या कशा, की सगळ्या नोंदी काढून वेबसाइटवर एक यादी लावून मोकळं व्हावं? शिवाय, ‘सगळं ऑनलाइन आहेच, मग छापील जुने खंड काढा’ असं प्राचार्य म्हणतात, त्यांना काय सांगायचं?

मी आधी नियतकालिक विभागात आणि नंतर तालिकीकरणात, म्हणजे कॅटलॉगच्या नोंदी करण्याचं, काम केलं, त्यामुळे या चारही गोष्टी रोजच्या हातातल्या आहेत. माझ्या मते त्या वेगवेगळ्या नाहीत. छापील अंक आला की आपण कार्डेक्सवर, म्हणजे आलेल्या अंकांच्या नोंद-कार्डावर, टिक करतो, अंक रॅकवर जातो, आणि पुढे वर्गणी बंद झाली तरी तो तिथेच राहतो. म्हणून छापील जर्नलची नोंद एकदा नीट केली की तिच्याकडे वर्षानुवर्षं बघावं लागत नाही. ई-जर्नलच्या नोंदीत मात्र दोन जातींची माहिती एकत्र येते. जर्नलचं नाव, आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळखक्रमांक), ते कधी सुरू झालं, आधी कोणत्या नावाने निघत होतं, ही माहिती क्वचितच बदलते. कोणत्या साइटवर, कोणत्या वर्षांपासून, कोणत्या लॉगिनने, कोणत्या कराराखाली मिळतं, ही माहिती दरवर्षी बदलू शकते. तुमच्या कॅटलॉगमधला घोळ या दोन जाती एकमेकींत मिसळल्याने झालाय. पुढचं सगळं उत्तर त्या वेगळ्या कशा ठेवायच्या याबद्दलच आहे.

परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टीही सांगून टाकते. पाच-सहा माणसांच्या तालिकीकरण विभागाला जे जमतं ते दोघांच्या ग्रंथालयाला जमणार नाही, आणि जमवायला जाऊही नये. तुमचं महाविद्यालय कोणत्या योजनेतून ई-जर्नल घेतं यावरही बरंच ठरतं. एन-लिस्ट या महाविद्यालयांसाठीच्या ई-संसाधन योजनेत प्रत्येक वाचकाचं स्वतंत्र लॉगिन असतं. तुम्ही थेट प्रकाशकाकडून वर्गणी घेतली असेल तर बहुधा महाविद्यालयाच्या आयपी पत्त्यावरून प्रवेश मिळतो. सरकारी संस्थांसाठी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालं आहे. त्यात ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल आहेत आणि मंजुरी २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची आहे. आपण कोणत्या योजनेत बसतो हे आधी या योजना राबवणाऱ्या इन्फ्लिबनेट केंद्राकडून पक्कं करून घ्या. आणि त्या आकड्यांतली मुदत लक्षात ठेवा. ज्या प्रवेशाला शेवटची तारीख आहे, त्याची लिंक हाताने नोंदीत घालताना ती पुढे काढायलाही आपल्यालाच बसावं लागणार आहे.

यावरून पहिला निर्णय निघतो : कॅटलॉगमध्ये काय घालायचं. मी तीन गठ्ठे करते. ज्या जर्नलचे छापील खंड आपल्याकडे आहेत किंवा ज्यांची वर्गणी आपण स्वतः भरतो, ती सगळी कॅटलॉगमध्ये हवीत, हातानं केलेली, नीट तपासलेली. आपल्या विषयांना लागणारी मुक्त प्रवेशाची जर्नल, विशेषतः भारतीय आणि मराठी, निवडून घालावीत. डीओएजे या मुक्त प्रवेश जर्नलच्या सूचीत २००३ पासून भर पडत आली आहे, पण सगळी सूची ओतायची गरज नाही. तुमच्या भूगोल किंवा मराठी विभागाच्या प्राध्यापकांना विचारून वीस-पंचवीस निवडली तरी वाचकाला जास्त उपयोग होतो. तिसरा गठ्ठा म्हणजे कन्सोर्टियमचं, म्हणजे अनेक संस्थांसाठी मिळून घेतलेलं, पॅकेज. ते एकेक करून हाताने अजिबात घालू नये. पॅकेजमधली शीर्षकं येतात-जातात आणि ते आपल्याला कळवलं जाईलच असं नाही.

पॅकेज कॅटलॉगमध्ये दिसायलाच हवं असेल तर ते घाऊक आणावं आणि घाऊकच काढता येईल असं ठेवावं. त्यासाठी केबार्ट नावाचा प्रमाणित यादी-नमुना आहे, निसो आणि यूकेएसजी यांनी २०१० मध्ये आणलेला. त्यात प्रत्येक जर्नलची एक ओळ असते : शीर्षक, छापील आणि ऑनलाइन आयएसएसएन, ऑनलाइन असलेला पहिला अंक, शेवटचा अंक, एम्बार्गो (ताजे अंक किती काळ रोखलेले असतात ते), आणि शीर्षकाच्या पानाचा पत्ता. मोठे प्रकाशक आपल्या साइटवर ही फाईल ठेवतात. कोहात २२.११ या आवृत्तीपासून ई-संसाधनांचं स्वतंत्र मोड्यूल आलंय आणि नंतरच्या आवृत्त्यांमध्ये त्यात केबार्ट फाईल आत घेता येते. तुमची कोहा जुनी असेल तर अपग्रेड होईपर्यंत पॅकेजसाठी पुरवठादाराच्या ए-टू-झेड यादीची एकच लिंक ओपॅकच्या, म्हणजे वाचकांना दिसणाऱ्या ऑनलाइन कॅटलॉगच्या, पहिल्या पानावर द्या. त्यात कमीपणा काही नाही. चारशे मोडक्या लिंकपेक्षा वाचकाला एक चालणारी लिंक बरी.

आता एक नोंद की दोन. जगभरातल्या नियतकालिक तालिकाकारांत यावर बराच खल झाला आहे. कॉन्सर या अमेरिकेतल्या सहकारी उपक्रमाने छापील नोंदीतच ऑनलाइनची लिंक जोडण्याची मुभा दिली, आणि स्वतंत्र नोंद करणाऱ्यांसाठी २००३ पासून ‘पुरवठादार कोणीही असो, नोंद एकच’ हा नियम घातला. हा दुसरा नियम मी कधीच मोडत नाही. तेच जर्नल तीन ठिकाणांहून मिळत असेल तर तीन नोंदी करायच्या नाहीत. एका नोंदीत तीन ८५६ फिल्ड घालायची. (मार्क २१ या नोंदींच्या प्रमाणित मांडणीत प्रत्येक रकान्याला, म्हणजे फिल्डला, क्रमांक असतो. ८५६ हा लिंकचा.)

तुमच्यासारख्या ग्रंथालयात, जिथे छापील खंड कपाटात आहेत आणि ऑनलाइन मजकूर तोच आहे, तिथे मी एक नोंद सुचवेन. वाचक शीर्षक शोधतो, त्याला एकाच पानावर कपाटातले खंड आणि ऑनलाइनची वाट दोन्ही दिसतात. अशा वेळी छापील आयएसएसएन ०२२ मध्ये राहतो आणि ऑनलाइनचा ७७६ या दुसऱ्या रूपाच्या फिल्डमध्ये जातो. हे ७७६ गाळू नका. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीला वेगवेगळे आयएसएसएन मिळतात, आणि लेखाच्या संदर्भात कोणता छापलेला असेल सांगता येत नाही. विद्यार्थ्याने ऑनलाइनचा क्रमांक टाकून शोधलं आणि आपल्याकडे काही निघालं नाही, तर कपाटात तीस वर्षांचे खंड असूनही त्याच्या लेखी आपल्याकडे ते जर्नल नाही. तुमच्या कोहात ७७६ शोधनिर्देशांकात येतं का तेही एकदा तपासा.

स्वतंत्र नोंद मी तेव्हाच करते, जेव्हा जर्नल फक्त ऑनलाइन आहे किंवा नोंदी घाऊक आल्या आहेत. घाऊक नोंदी वेगळ्या ठेवल्या की करार संपल्यावर त्या एका फटक्यात काढता येतात, छापील नोंदींना धक्का लागत नाही. त्या नोंदीत ००८ मधल्या तेविसाव्या स्थानी ऑनलाइनचं ‘ओ’ हे चिन्ह घालायचं, म्हणजे ओपॅकमध्ये छापील आणि ऑनलाइन वेगळं गाळून बघता येतं.

शीर्षकबदलाकडे मात्र कोणतीही पद्धत घेतली तरी लक्ष द्यावंच लागतं. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ १९६६ पासून निघतं, त्याआधी १९४९ पासून ते ‘इकॉनॉमिक वीकली’ होतं. १९५० च्या दशकात भारतीय गावांवरचे गाजलेले समाजशास्त्रीय लेख या जुन्या नावाखाली छापले गेले. समाजशास्त्राचा विद्यार्थी संदर्भात ‘इकॉनॉमिक वीकली’ वाचतो आणि तेच शोधतो. प्रकाशकांच्या साइटवर बहुतेक वेळा जुने खंडही नव्या नावाखाली टाकलेले असतात, म्हणून त्याला काही सापडत नाही. दोन्ही नावांच्या दोन नोंदी, ७८० (आधीचं नाव) आणि ७८५ (नंतरचं नाव) या फिल्डनी एकमेकींशी जोडलेल्या, आणि जुन्या नावाच्या नोंदीतही जुन्या अंकांपर्यंत नेणारी लिंक, एवढं केलं की काम होतं. प्रकाशकाची साइट हे आपल्यासाठी करून देत नाही. कॅटलॉगची खरी गरज मला इथेच दिसते.

आता ८५६, ज्यावर तुमचा बहुतेक त्रास बेतलेला आहे. तुम्ही पाठवलेल्या नमुन्यात फक्त यू सबफिल्ड (फिल्डमधला उपरकाना) भरलंय, म्हणजे नुसता पत्ता. पहिल्या इंडिकेटरमध्ये (फिल्डच्या सुरुवातीच्या दोन सूचक अंकांपैकी पहिल्यात) ४ आहे, ते बरोबर. दुसरा रिकामा आहे, तो भरा. नोंद ऑनलाइन जर्नलचीच असेल तर ०, छापीलची नोंद असून लिंक त्याच्या ऑनलाइन रूपाकडे जात असेल तर १, आणि लिंक फक्त अनुक्रमणिकेकडे किंवा जर्नलची माहिती देणाऱ्या पानाकडे जात असेल तर २. हा शेवटचा फरक फार कामाचा आहे. ‘ऑनलाइन वाचा’ म्हणून दाबलेल्या लिंकवर नुसती अनुक्रमणिका निघाली की विद्यार्थी पुन्हा कॅटलॉगवर विश्वास ठेवत नाही.

त्यानंतर सबफिल्ड ३ मध्ये वर्षं, वाय मध्ये वाचकाला दिसणारं नाव, झेड मध्ये प्रवेशाची अट, आणि एक्स मध्ये आपल्यापुरती टीप. वाचकाला काय दिसावं याचा मी ठेवते तो नमुना असा : ‘१९९५ पासून. जेस्टोरवर वाचा. महाविद्यालयाच्या नेटवर्कवरून, घरून वाचायचं असल्यास ग्रंथालयाकडून लॉगिन घ्या.’ एवढ्या तीन वाक्यांनी काउंटरवरचे निम्मे प्रश्न थांबतात. एक्स मध्ये कधी तपासलं, कोणी तपासलं आणि कोणत्या करारातून मिळतं हे लिहिते. ओपॅकवर एक्स दिसत नाही ना याची खात्री एकदा करून घ्या.

वर्षं लिहिताना एक सावधगिरी. जेस्टोरसारख्या ठिकाणी बऱ्याच जर्नलचे ताजे अंक काही वर्षं उशिरा येतात, त्याला ते मूव्हिंग वॉल म्हणतात. तिथे शेवटचं वर्ष कधी लिहू नका, कारण पुढच्या जानेवारीत ते चुकीचं ठरतं. ‘१९६६ पासून, अलीकडची काही वर्षं वगळून’ असं लिहिलं तर ती ओळ दरवर्षी बदलावी लागत नाही. उलट वर्गणी बंद केली आणि जुन्या वर्षांचा हक्क राहिला, तर दोन्ही टोकं बांधून लिहा : ‘२००८ ते २०१९’.

एकाच जर्नलच्या दोन वाटा असतील तर फुकटची वाट आधी. बंगळुरूच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसची ‘प्रमाण’ आणि ‘साधना’ ही जर्नल २००७ पासून स्प्रिंगरसोबत सहप्रकाशित होतात, आणि अकॅडमीच्या स्वतःच्या साइटवर लेख मोफत मिळतात. केवळ स्प्रिंगरची लिंक घातलेली असेल तर वर्गणी नसलेल्या महाविद्यालयातल्या भौतिकशास्त्राच्या मुलीला पैसे मागणारं पान दिसतं, आणि ती परत जाते. भारतीय विज्ञानसंस्थांच्या जर्नलबाबत अशी दुसरी वाट आहे का, हे प्रत्येक वेळी शोधा.

कोणता पत्ता घालायचा? जर्नलच्या मुख्य पानाचा. अंकाचा नाही, पीडीएफचा तर मुळीच नाही. लॉगिन केल्यावर ब्राउझरच्या पट्टीत दिसणारा लांबलचक पत्ता उचलू नका, त्यात सेशनचा क्रमांक असतो आणि तो काही तासांत मरतो. तुमच्या यादीतल्या ज्या लिंक ‘काल चालत होत्या, आज नाही’ अशा आहेत, त्यांत हेच असण्याची शक्यता मोठी. प्रॉक्सीचा, म्हणजे बाहेरून प्रवेश मिळवून देणाऱ्या मधल्या सर्व्हरचा, पत्ताही यू मध्ये जोडून ठेवू नका. प्रॉक्सी बदलली की सगळ्या नोंदी मोडतात. तो भाग ओपॅकच्या दर्शनी रचनेत एकदाच बसवायचा, तुमच्या कोहा सेवादाराकडून तो करून मिळतो.

कायमचे म्हणवणारे पत्ते खरंच कायमचे आहेत का, हेही बघावं लागतं. डीओआय हा नोंदणीकृत ओळखक्रमांक चांगला, कारण प्रकाशकाने साइट बदलली तरी क्रॉसरेफ या नोंदणी संस्थेकडे नवा पत्ता नोंदवायची जबाबदारी त्याच्यावर असते. जर्नललाच डीओआय असेल तर तोच घ्या. शोधगंगा या प्रबंधांच्या भांडाराचे १०६०३ ने सुरू होणारे हँडल (कायमच्या पत्त्याचा एक प्रकार) नोंदणीकृत आहेत, त्यामुळे ते टिकतात. पण आपल्याकडच्या कितीतरी संस्थात्मक भांडारांच्या पत्त्यात १२३४५६७८९ हा आकडा दिसतो. डीस्पेस हे भांडाराचं सॉफ्टवेअर बसवताना येतो तो नमुन्याचा आकडा आहे, कुठेही नोंदलेला नसतो. सर्व्हरचं नाव बदललं की तो पत्ता गेला. दिसायला हँडल असला तरी त्याला साध्या पत्त्याइतकंच तात्पुरतं समजा आणि तपासणीच्या यादीत वर ठेवा.

संस्थांची नावं बदलतात तसे पत्तेही बदलतात. दिल्लीच्या निस्केअर आणि निस्टॅड्स या सरकारी विज्ञानसंस्था २०२१ मध्ये एकत्र येऊन एनआयएससीपीआर ही संस्था झाली, आणि निस्केअरच्या नावाने असलेला जर्नल-भांडाराचा पत्ताही नव्या नावावर गेला. विज्ञान शाखा असलेल्या बहुतेक महाविद्यालयांच्या कॅटलॉगमध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ...’ने सुरू होणाऱ्या डझनभर नोंदी तरी या भांडाराच्या असतात. जुना पत्ता आजही नव्याकडे नेत असेल तरी तो आत्ताच बदलून घ्या, कारण असं पुढे ढकलणं कोणी कायम चालू ठेवत नाही.

आता तपासणी. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये मांडलेल्या पाहणीत २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. जर्नलच्या साइट सामान्य पानांपेक्षा टिकाऊ असतात, पण त्यांच्या लिंकही तुटणारच हे धरूनच कामाची आखणी करायची.

कोहासोबत चेक-यूआरएल-क्विक नावाची स्क्रिप्ट येते, ती ८५६ मधले पत्ते ठोठावून अहवाल देते. मार्कएडिट या नोंदी संपादित करण्याच्या सॉफ्टवेअरमध्येही लिंक तपासायची सोय आहे आणि ती सर्व्हरला हात न लावता स्वतःच्या संगणकावर चालवता येते. अहवालात प्रत्येक पत्त्यापुढे सर्व्हरने दिलेला उत्तराचा क्रमांक येतो. ४०४ किंवा ४१० आलं तर पान गेलं. ३०१ म्हणजे कायमचं स्थलांतर, तिथे नवा पत्ता नोंदीत उतरवून घ्या. ३०२ तात्पुरतं, त्याला हात लावू नका. ५०३ आलं तर दोन दिवसांनी पुन्हा बघा. ४०३ आलं तर लगेच लिंक काढू नका. मोठे प्रकाशक स्क्रिप्टला दार लावतात, माणसाला तीच लिंक व्यवस्थित उघडते.

सगळ्यात फसवा आकडा २००. तो एवढंच सांगतो की सर्व्हरने काहीतरी पान दिलं. ते ‘हे जर्नल आता येथे नाही’ असं सांगणारं पान असू शकतं, पैसे मागणारं असू शकतं, किंवा डोमेनची मुदत संपल्यावर दुसऱ्याच कोणीतरी विकत घेतलेली जाहिरातींची साइट असू शकते. तुमच्या त्या ‘भलत्याच साइटवर नेणाऱ्या’ लिंक यंत्राच्या अहवालात बिनचूक म्हणूनच येतील. म्हणून यंत्राची तपासणी महिन्याला आणि माणसाची सत्राला एकदा, असं मी सांगते. माणसाने सगळ्या बघायच्या नाहीत. कोहात ट्रॅकक्लिक्स हे सेटिंग चालू केलं की कोणत्या लिंक वापरल्या जातात ते कळतं, त्यातल्या जास्त वापराच्या आधी घ्या. बघताना तीन ठिकाणांहून बघा : ग्रंथालयातल्या संगणकावरून, स्वतःच्या मोबाइल डेटावरून आणि एखाद्या विद्यार्थ्याच्या लॉगिनने. आणि जर्नलचं पान उघडलं म्हणून थांबू नका, एक जुना आणि एक नवा लेख पूर्ण उघडतो का ते बघा.

इथे एका गोष्टीवर थांबणं मला आवश्यक वाटतं, कारण आपल्याकडे ती फार पसरली आहे. बनावट जर्नल, ज्यांना क्लोन म्हणतात. छापील स्वरूपातच निघणाऱ्या, स्वतःची वेबसाइट नसलेल्या एखाद्या प्रतिष्ठित भारतीय जर्नलचं नाव आणि आयएसएसएन उचलून कोणीतरी साइट उभी करतं, आणि लेख छापायचे पैसे घेतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या कक्षातून चालणाऱ्या यूजीसी-केअर या मान्य जर्नलच्या यादीच्या काळात अशा क्लोन जर्नलची वेगळी सूचीच ठेवावी लागली होती. २०१८ मध्ये जाहीर झालेली ती यादी यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, आणि आता खरं-खोटं पारखायचं काम संस्थांवर आलं आहे. त्यात आपण ग्रंथपाल येतोच.

समजा तुमच्या सहायकाने छापील जर्नलच्या नोंदीला लिंक जोडण्यासाठी नाव गुगलवर शोधलं, पहिली आलेली साइट उचलली आणि ती क्लोन निघाली. महाविद्यालयाच्या कॅटलॉगने तिच्यावर शिक्का मारल्यासारखं होतं. एखादी तरुण प्राध्यापिका त्या भरवशावर तिथे लेख पाठवते, पैसे भरते, आणि पदोन्नतीच्या वेळी तो लेख बाद होतो. म्हणून भारतीय जर्नलची नवी लिंक घालण्यापूर्वी छापील अंक हातात घ्या आणि संपादक मंडळाच्या पानावर कोणता पत्ता छापलाय तो बघा. आयएसएसएन पोर्टलवरच्या नोंदीशी प्रकाशक आणि गाव जुळतं का बघा. शंका राहिली तर संपादकांना अंकावरच्या क्रमांकावर फोन करा. साइट नाही असं त्यांनी सांगितलं, तर एक्स मध्ये तसं लिहून ठेवा, म्हणजे पुढे कोणी उत्साहाने लिंक जोडणार नाही. आणि शिक्षकांना सांगत राहा की आयएसएसएन हा ओळखक्रमांक आहे, दर्जाचं प्रमाणपत्र नाही.

लिंक तुटलेली सापडली की ती पुसणं हे पहिलं पाऊल नको. जर्नल प्रकाशकांमध्ये हस्तांतरित होतात, म्हणून आधी आयएसएसएनने नवं घर शोधा. मग डीओएजे. प्रकाशन थांबलेलं असेल तर आयएसएसएन केंद्राच्या कीपर्स रजिस्ट्रीवर ते पोर्टिको, क्लॉक्स वगैरे जतनसेवांपैकी कोणी जतन केलंय का ते कळतं. काहीच नसेल तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जुन्या साइटची प्रत बघा. छोट्या भारतीय जर्नलचे अंक तिथे निघाले तर त्या प्रतीची लिंक द्या आणि झेड मध्ये ‘जतन केलेली प्रत’ असं लिहा. जुना मेलेला पत्ता एक्स मध्ये हलवा. मार्क २१ मध्ये अलीकडे अशा बंद पत्त्यांसाठी ८५६ मध्येच एच हे स्वतंत्र सबफिल्ड आलंय, पण तुमच्या कोहाच्या फ्रेमवर्कमध्ये ते आधी जोडून घ्यावं लागेल. कुठूनच प्रवेश उरला नाही आणि छापीलही नाही, तर नोंद ९४२ च्या एन सबफिल्डने ओपॅकवरून झाका. डिलीट नको. तेच जर्नल पुढच्या करारात परत आलं तर नव्याने बसावं लागत नाही.

वेबसाइटवरच्या यादीबद्दल : हवी तर जरूर लावा, पण हाताने टाइप करून नको. एकच माहिती दोन ठिकाणी हाताने ठेवली की दोन्ही बिघडतात, आणि महाविद्यालयांच्या वेबसाइट तर नॅकच्या मूल्यांकनाच्या प्रत्येक फेरीआधी नव्याने बांधल्या जातात. कोहात ८५६ असलेल्या जर्नलचा अहवाल करा आणि यादी त्यातून काढा.

तुमच्या चारशे नोंदींसाठी सुरुवातही तिथूनच. आधी डेटाबेसचा बॅकअप. मग शीर्षक, आयएसएसएन आणि ८५६ चा पत्ता असे रकाने असलेला अहवाल काढून स्प्रेडशीटमध्ये डोमेनप्रमाणे लावा. चारशे पत्ते साधारण दहा-बारा डोमेनमध्ये गोळा होतात असा माझा अनुभव आहे. ज्या डोमेनचा फक्त पत्ता बदललाय ते कोहाच्या मार्क मॉडिफिकेशन टेम्पलेटने घाऊक दुरुस्त होतात. आधी दोन नोंदींवर चालवून बघा. पॅकेजमधून आलेल्या पण आज पॅकेजमध्ये नसलेल्या नोंदी झाका. उरतील त्या हाताने करायच्या, आणि त्या तुम्हाला वाटतात त्यापेक्षा बऱ्याच कमी असतील. नॅकच्या समितीला चारशेचा आकडा दाखवायचा मोह होईल. एकशे वीस चालणाऱ्या आणि तपासणीची तारीख असलेल्या नोंदी दाखवा, समितीतल्या सदस्याने कोणतीही उघडून बघितली तरी तुम्हाला चिंता नाही.

राहिले प्राचार्य आणि छापील खंड. त्यांच्यासमोर प्रत्येक जर्नलसाठी तीन प्रश्न ठेवा. वर्गणी बंद झाल्यावर जुन्या वर्षांचा हक्क राहील असं करारात लेखी आहे का? एन-लिस्टसारख्या योजनेतल्या प्रवेशावर महाविद्यालयाची मालकी नसते, तेव्हा तिथे उत्तर ‘नाही’ असंच येतं. ऑनलाइन संच पूर्ण आहे का? मी खंड समोर ठेवून अंकागणिक ताडून बघितलंय, आणि पुरवण्या, वाचकांची पत्रं, घडीचे नकाशे, जाहिरातींची पानं वगळलेली आढळली आहेत. इतिहासाच्या किंवा पत्रकारितेच्या अभ्यासकाला कित्येकदा नेमकी तीच पानं हवी असतात. आणि तिसरं, आपल्या जिल्ह्यात किंवा विद्यापीठात आणखी कुठे हे खंड आहेत का? मराठी नियतकालिकांच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर फार वेळा ‘नाही’ असं येतं. तिन्हींची उत्तरं होकारार्थी असतील तर खंड काढायला माझी हरकत नाही. एकही नकार असेल तर ते खंड ठेवा, आणि जागाच नसेल तर विद्यापीठाच्या ग्रंथालयाला विचारा, रद्दीला देण्याआधी ते घेतील का. हे सगळं प्राचार्यांना लेखी द्या आणि सोबत प्रत्येक शीर्षकाचा तक्ता जोडा. तोंडी सांगितलेलं पुढच्या प्राचार्यांपर्यंत पोचत नाही.